पाटा काढा म्हणणारं गिऱ्हाईक

आमच्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात माणसानं जीप घेतली की तो आधी नारळ फोडायचा आणि मग माझ्याकडे यायचा. गाडी नवी असो की जुनी, बोलणं ठरलेलं. "मेस्तरी, पाटा वाढवा." पेणला गॅरेज चालवलं त्या सगळ्या वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत मी जॅक घेऊन निघायचो.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटे म्हणजे मागच्या चाकांपाशी, गाडीच्या पोटाखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. खड्डा आला की त्या दबतात, खड्डा गेला की परत वाकतात आणि तुमची कंबर शाबूत राहते. गाडीत किती माणसं बसणार याचा अंदाज घेऊन कारखानेवाले तेवढेच पाटे देतात. पण त्यांच्यातल्या कोणी वडखळ नाक्यावरून सुटणारी जीप बघितलेली नसते. आत माणसं, मागच्या पायरीवर माणसं, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक माणूस. अशी गाडी मागून जमिनीला टेकते. मग एक पट्टी जास्तीची घालायची. त्यानं गाडी बसत नाही, पण रिकामी असली की रेड्यासारखी उसळते. आतला माणूस टपावर डोकं आपटतो आणि खूश होऊन म्हणतो, "आता कशी दणकट वाटते!"

हे सगळं नव्वदनंतरचं. डोलवीच्या बाजूला कंपनी आली, कंत्राटं आली आणि ज्यांच्या घरात सायकल नव्हती त्यांच्या अंगणात जुनी गाडी उभी राहिली. या गाड्या मुंबईहून यायच्या. प्रत्येक गाडी 'एकहाती' असायची आणि प्रत्येक गाडी आधी डॉक्टरची असायची. इतक्या डॉक्टरांच्या गाड्या माझ्या गॅरेजात आल्या, की मुंबईतले डॉक्टर रोग्याकडे चालत जात होते की काय, असं मला वाटायचं. एकदा एक जण असलीच डॉक्टरांची जीप घेऊन आला. रंग असा की बघत राहावं. मी सवयीनं खिशातलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेला लावलं, ते टपकन खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिथेही पडलं. पत्र्याला गंजून भोकं पडली होती आणि मधल्या कोणा दलालानं ती पेणच्याच एका गणपतीच्या कारखान्यात नेऊन प्लास्टरनं बुजवून घेतली होती. वर रंगही तिथल्याच कारागिराचा. चाकाच्या वरच्या पत्र्यावर त्यानं सवयीनं अशी काही छटा मारली होती, की तो पत्रा पितांबर नेसल्यासारखा दिसत होता. मालकाला म्हटलं, गाडी धुवू नका, आरती करा. त्यानं माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

मी तसा तापट. बायको म्हणायची, आमच्या ह्यांच्या रेडिएटरला झाकण नाही. पण माझ्यापेक्षा तापट एक गाडी मला भेटली. तिची ही गोष्ट.

डोलवीला माणसं पुरवण्याचं कंत्राट घेणारे दामूशेट म्हणून होते. खाडीकाठच्या गावातले, मिठागरात लहानपण गेलेले, दिलदार पण मिजासखोर. अंगात कायम पांढरी सफारी. त्यांनी मुंबईहून एक परदेशी बनावटीची छोटी गाडी आणली. जीपसारखी उंच, पण आतून मऊ. काचा बटण दाबून खालीवर व्हायच्या, टपाला उघडणारी खिडकी, आत थंड हवा, दारं एका किल्लीनं एकदम बंद. नाव सांगत नाही, कारण दोष बनवणाऱ्याचा नव्हताच. ती गाडी थंड, कोरड्या मुलखासाठी केलेली, आणि तिला आणून सोडली खाडीच्या खारट वाऱ्यात. दामूशेट तिला 'माझी लक्झरी' म्हणायचे. आमच्याकडे लक्झरी म्हणजे मुंबईला जाणारी खाजगी बस. त्यामुळे ते नाक्यावर "माझी लक्झरी आली" म्हणाले, की कोणीतरी हमखास विचारायचं, "शेट, बोरिवलीची दोन तिकिटं हायत काय?"

या लक्झरीचे लाड मी जेवढे केले तेवढे स्वतःच्या मुलांचे केले नाहीत. खारट हवेत तांब्याची तार आतून हिरवी होऊन तिची भुकटी होते. वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं दिसत राहतं. त्यामुळे ही गाडी कधी काय करेल त्याचा नेम नसे. हॉर्न वाजवला की वायपर फिरायचे. टपावरची खिडकी एकदा उघडली ती बंदच होईना, दामूशेट पंधरवडाभर छत्री घेऊन गाडी चालवत होते. दारं एकदम बंद होण्याची सोय तर अशी, की एकदा दामूशेट बाहेर आणि किल्ली आत असताना गाडीनं आपणहून दारं लावून घेतली. मी एकेक चैन उपटून काढत गेलो. थंड हवेचा पट्टा काढला, खिडकीवर पत्रा मारला, दारांची किल्ली वेगळी केली. जुनी महागडी गाडी घेणाऱ्यांना मी अजून हेच सांगतो, की गाडी स्वस्तात मिळते, तिच्या सवयी स्वस्तात मिळत नाहीत.

आणि अर्थातच दामूशेटनी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "मेस्तरी, पाटा वाढवा." लक्झरीतून त्यांना शिफ्टची माणसं न्यायची होती. मी पाटा वाढवला. ज्या एका गुणासाठी ती गाडी जगात आली होती, तो मऊपणा गेला. आता लक्झरीत लक्झरी म्हणावं असं फक्त तिचं नाव उरलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी दामूशेटची थोरली बहीण शकूबाय माझ्या गॅरेजात आली. तिचा हमरापूरच्या बाजूला गणपतीचा छोटा कारखाना. नवरा गेल्यावर तो तिनं चालू ठेवला होता, आणि तोही शाडूचा. शाडू म्हणजे मूर्तीची ती पांढुरकी माती, पाण्यात विरघळणारी. प्लास्टरची मूर्ती हलकी आणि चिवट, शाडूची जड आणि वाळल्यावर पापडासारखी. ती न्यायची म्हणजे जिवाला घोर. बाई उंच, हडकुळी, हात कोपरापर्यंत मातीचे. आल्या आल्या म्हणाली, "मेस्तरी, दाम्याच्या गाडीचा पाटा काढा."

मी पाना खाली ठेवला. "वाढवा म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाय. काढा."

माझ्या आयुष्यात असं म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक, आणि शेवटचंही. मी तिला स्टूल दिलं, चहा मागवला आणि तिनं जे सांगितलं ते असं. रोह्याच्या एका आळीचा गणपती तिच्या सासऱ्यापासून त्यांच्याच कारखान्यातून जायचा. आदल्या वर्षी पहिल्यांदा ती मूर्ती शकूबायनं स्वतः घडवली. नवरा मूर्तीचा आशीर्वादाचा हात अंगाला टेकवून करायचा, म्हणजे त्याला आधार राहतो. हिनं तो अंगापासून सुटा केला, बोटं मोकळी. मी विचारलं, कशाला उगाच? तर माझ्यावरच उखडली. "बाप्पा काय हात आखडून आशीर्वाद देतो? मोकल्या हातानं देतो ना? मग मी कसा आखडू?"

मूर्ती दामूशेटच्या टेम्पोतून गेली. रोह्याला फडकं काढलं तर हात मनगटातून तुटून मांडीवर पडलेला. भंगलेली मूर्ती पुजायची नाही. आळीला ऐन वेळी बाजारातून प्लास्टरचा गणपती आणावा लागला. आळीचे कारभारी अण्णा म्हणून होते. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मूर्ती धड आली तर आली, नाहीतर आम्ही प्लास्टरवाल्याकडे कायमचे जातो. आणि सगळीकडे बोभाटा झाला, की बाईचा हात कच्चा. हे शब्द पहिल्यांदा कोण बोललं? टेम्पो चालवणारे दामूशेट. "बाय, तुझा हातच कच्चा, मी काय करू?" असं त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं.

"माझा हात कच्चा का रस्ता वायीट, ते मना बघायचाय," शकूबाय म्हणाली. "यंदा पण हात सुटाच केलाय. तो धड पोचला पायजे. नाय पोचला, तर मी कारखाना बंद करणार."

मी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती.

दामूशेट ऐकून लाल झाले. "पाटा काढला तर माझी मानसा शिफ्टला कशी जातील?"

"चालत," शकूबाय म्हणाली.

थोरल्या बहिणीपुढे सफारीचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी लक्झरी माझ्याकडे आली. पाठोपाठ शकूबाय आली, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिनं ते उलगडलं. शाडूचा नुसता हात. कोपरापासून वर उभा, तळहात मोकळा, बोटं एकमेकांपासून सुटी, खाली मातीचा गोळा बसायला. ती म्हणाली, "मूर्ती नाय फिरवायची चाचणीला. हात फिरवू."

असे हात मी पुढच्या दिवसांत बरेच फिरवले. मागची सीट आडवी करून तिथे हात ठेवायचा, शकूबाय त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि मी कासूपर्यंत जाऊन परत यायचं. पहिली फेरी जास्तीच्या पाट्यासकट केली, मुद्दाम. वडखळ यायच्या आत करंगळी गेली. शकूबायनं करंगळी उचलून मला दाखवली. पाटा काढला. कासूपर्यंत पोचलो, परत येताना अंगठा गेला. ती रोज नवा हात घेऊन यायची. गॅरेजबाहेर चहावाल्यानं विचारलं, "मेस्तरी, बाय रोज तुमाला हात दाखवायला येते, लगीन जमत नाय का कोनाचा?"

मी सगळी विद्या पणाला लावली. पाट्यांच्या मधला गंज खरवडला, ग्रीस भरलं, धक्के खाणारे शॉकअप बदलले, टायरमधली हवा कमी केली. तरी गाडी रिकामी असल्यानं मागून नाचायची. तिला दाबायला वजन हवं होतं. दामूशेट म्हणाले, मिठाच्या गोण्या टाका, आपल्याकडे कमी हाय काय? मी इतका ओरडलो की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. वर्षभर ज्या मिठानं ह्या गाडीच्या तारा खाल्ल्या, ते मी तिच्या पोटात भरू? शेवटी शकूबायनं तोड काढली. कारखान्यातल्या शाडूच्याच गोण्या आणून चाकांवर दोन्ही बाजूंना ठेवल्या. गाडी एकदम समजूतदार झाली. नवीन हात कासूला जाऊन आला, धड. मग नागोठण्याला जाऊन आला, धड. त्या दिवशी शकूबाय पहिल्यांदा हसली. हात तिनं पुढच्या काचेखाली ठेवून दिला, म्हणाली, हा आता इथंच राहू दे, आपल्या गाडीचा हात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती निघाली. माझ्या मांडीला लागेल एवढी उंच, पाटावर बसवलेली, वरून पातळ फडकं. प्लास्टिक घालायचं नाही, ओला रंग घामेजतो. तिच्या धंद्यात पाट, माझ्या धंद्यात पाटा, दोन्ही सरळ असल्याची खात्री करून मी गाडी चालू केली. शेजारी दामूशेट, नवीकोरी पांढरी सफारी घालून. बहिणीची मूर्ती पोचवायला आळीत मिरवत जायचं होतं ना. मागे शकूबाय, मूर्तीच्या बाजूला मांडी घालून. थंड हवा मी कधीच काढून टाकलेली, म्हणून काचा खाली.

नागोठणं गेलं, रोह्याकडचं वळण घेतलं, भिसे खिंड लागली. चढावर काट्याकडे लक्ष गेलं. तापमान वर चढत होतं. मी मनात म्हटलं, बये, आज नको. तिनं ऐकलं नाही. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि मी गाडी कडेला घेतली.

रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. त्याची तार हातात घेतली तर वरून झकास, आणि दाबली तर आत हिरवी भुकटी. पाणी थंड व्हायची वाट बघून पुढे गेलो असतो तरी पुढच्या चढावर तेच झालं असतं. नवी जाड तार पाहिजे होती. माझ्या पेटीत होती ती बारीक, पंख्यानं जाळून टाकली असती.

तेवढ्यात मागून प्रवासी जीप आली आणि थांबली. ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, "काय वो मेस्तरी, तुमीच बंद पडले? बाय, मूर्ती आमच्यात द्या, मांडीवर धरून नेतो."

दामूशेट लगेच उतरायला निघाले. शकूबायनं जीपकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "मेस्तरी, या जीपचा पाटा कोनी वाढवला?"

"मीच," मी म्हटलं.

"मग नको."

जीप गेली. आणि खिंडीच्या वरच्या अंगानं पाऊस येताना दिसला. शाडूला पाणी लागलं की काय होतं ते सांगायला नको.

जाड तार गाडीत एकाच जागी होती, काचा खालीवर करणाऱ्या मोटरला. आधी काचा वर घेऊ, मग तार कापू, असं ठरवून मी बटणं दाबली. तीन काचा वर आल्या. चौथी हलेना. मूर्तीच्या आशीर्वादाच्या हाताच्या बाजूची, नेमकी तीच. मी बटण दाबलं, थोपटलं, शिव्या दिल्या, मग बाप्पा ऐकतोय म्हणून शिव्या परत घेतल्या. काच तशीच. पावसाचे पहिले थेंब टपावर मारलेल्या पत्र्यावर वाजले.

"कापा तार," शकूबाय म्हणाली. मग भावाकडे वळून, "दाम्या, इकडं ये."

"कशाला?"

"खिडकीत बस. पाठ बाहेर."

दामूशेटनी एकदा सफारीकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग निमूट मागे चढले, शाडूच्या गोणीवर बसले आणि त्या उघड्या खिडकीत आपली रुंद पाठ बसवली. मी तार कापली, त्या तारेनं पंखा थेट बॅटरीला जोडला, पाणी भरलं. पंखा फिरला. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते कुठल्या सनईनंही कधी वाटलं नाही.

खिंडीतून उतरताना पाऊस आडवा मारत होता. मागून दामूशेटचा आवाज येत होता, "आई गं... मेस्तरी, जरा जोरात घ्या ना." आणि शकूबायचा, "हळूच घ्या, मेस्तरी." मी हळूच घेतली. हे मी आनंदानं केलं असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. निडीच्या आसपास पाऊस थांबला. पांढरी सफारी पाठीमागून चिखलाची आणि पुढून शाडूची झाली होती.

रोह्याच्या आळीत माणसं वाट बघत उभीच होती. अण्णा पुढे आले. सत्तरीचे, धोतर, हातात काठी. "काय गो शकू, आली का धड?"

शकूबाय मूर्तीकडे वळली. तिला फडकं काढवेना. पाट्याची, शॉकअपची, हवेची, सगळ्याची ती परीक्षा होती, पण पास-नापास तिला व्हायचं होतं. शेवटी फडकं दामूशेटनी काढलं.

हात जागेवर होता. मोकळा, सुटा, बोट न् बोट शाबूत. आळीतला दिवा नेमका मूर्तीच्या पाठीमागे होता आणि बोटांच्या मधून उजेड येत होता. अण्णा वाकून जवळून बघत राहिले आणि म्हणाले, "आधार नाय दिलास यंदापण?"

"नाय," शकूबाय म्हणाली.

"मग गेल्या साली कसा मोडला?"

आता दामूशेटना गप्प बसता आलं असतं. पण भिजून थरथरणाऱ्या त्या माणसानं सगळ्या आळीसमोर सांगितलं, "गेल्या साली टेम्पो माझा होता, अण्णा. पाटे वाढवलेले. मी जोरात आनला. बायचा हात पक्का होता, माझा कच्चा."

शकूबाय पुढे झाली. मग पदरानं त्यांच्या तोंडावरची शाडू पुसायला लागली, लहान पोराची पुसावी तशी. "गप ऱ्हा, दाम्या. सर्दी होईल," एवढंच म्हणाली. मी गाडीखाली काहीतरी बघायचं असल्यासारखा वाकलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मेस्तरीनं लोकांसमोर रडायचं नसतं.

त्यानंतर दर वर्षी तेच. गणपती आले की दामूशेट स्वतः गाडी घेऊन यायचे, "मेस्तरी, पाटा काढा." विसर्जन झालं की, "मेस्तरी, पाटा घाला." लक्झरी म्हणून ती गाडी कधी धड चालली नाही. पण त्या एका दिवशी, त्या एका रस्त्यावर तिनं पुन्हा कधी दगा दिला नाही. पुढे पत्राच उरला नाही तेव्हा ती भंगारात गेली. तिची मऊ सीट दामूशेटच्या ओटीवर अजून आहे, आल्यागेल्याला ते सांगतात, "बसा, लक्झरी हाय."

काचेखालचा तो मातीचा हात मात्र शकूबायनं मला दिला होता. तो माझ्या गॅरेजात, पान्यांच्या फळीवर, वर्षानुवर्षं उभा राहिला. नवीन गिऱ्हाईक त्याला नमस्कार करायचं. पाटा वाढवा म्हणणाऱ्याला मी त्याच्याकडे बोट दाखवून सगळी गोष्ट सांगायचो. गोष्ट ऐकून तो म्हणायचा, "भारीच. आता वाढवा." माणसं काही बदलत नाहीत.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी गॅरेज बंद केलं. सामान आवरत होतो तेव्हा शकूबाय आली. केस पांढरे झालेले, हात तसेच मातीचे. फळीवरचा हात तिनं उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाली, "एवढी वर्षा माती अडकवून ठेवलीत, मेस्तरी?"

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं तो पंक्चर बघायच्या टबात बुडवला.

ज्याची करंगळी वाचवायला मी एवढा जीव आटवला, तो हात पाण्यात गेला. आणि वाळलेल्या शाडूत पाणी शिरायला लागल्यावर त्यातून बुडबुडे यायला लागले. जन्मभराची सवय, मी बोलून गेलो, "पंक्चर आहे."

ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मीही हसलो. हसता हसता बघितलं तर बोटं विरघळत होती, एकेक करून, कसलीही घाई न करता. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. शकूबायनं खालचा गाळ मुठीनं काढून डब्यात भरला. "यंदाच्या रोह्याच्या मूर्तीला लागल. हाताला," म्हणाली. मग दारात थांबली. "आता नातू नेतो गाडीनं. नवीन गाडी हाय, तरी एकदा खालून बघून जा."

गेलो. तिच्या अंगणात चकचकीत गाडी उभी होती. हल्लीच्या असल्या गाड्यांना मागे पाटे नसतातच, नुसत्या गोल स्प्रिंगा असतात. हे मला उभ्या उभ्या माहीत होतं. तरी गुडघे धरून खाली बसलो, आडवा झालो, गाडीखाली शिरलो आणि वेळ घेऊन सगळं बघितलं.

बाहेर आलो तेव्हा शकूबाय हातातली माती मळत उभी होती. "पाटे?" तिनं विचारलं.

"काढलेत," मी म्हटलं.